बटण कुणी दाबलं

वर्षाराणी मगदूमची म्हणून जी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते ती खोटी आहे. वर गुलाबाची फुलं, खाली जोडलेले हात आणि मधे मोठ्या अक्षरात 'एका हाताची भरारी'. मला ती बऱ्याच जणांनी पाठवली, माझ्या साडूनंसुद्धा. प्रत्येकाला मी कळवलं की बाबा, तिचे हात दोन आहेत, येऊन मोजून जा. साडूनं अंगठा पाठवला. तेव्हा खरी गोष्ट मीच सांगतो, कारण त्या गोष्टीतल्या फोटोची फ्रेम मी केली आणि ती उचकटलीही मीच.

माझं मंगळवार पेठेत फोटो फ्रेमचं दुकान आहे. मला सगळे गुंडूमामा म्हणतात. देव, लग्नाची जोडपी आणि गेलेली माणसं, ह्या तिघांवर माझं घर चालतं. पाखरांचे फोटो यायला लागले ते अलीकडे. आता रविवारी सकाळी कुठल्याही तळ्यावर जा, पाखरं कमी आणि कॅमेरेवाले जास्त. अशाच एका पाखरू मंडळाच्या फ्रेमा मी करतो आणि त्यांच्याबरोबर हिंडतो. मला फोटो काढता येत नाही. पण फिरणं होतं, आणि शेवटी कट वडा असतो.

वर्षाराणी त्या मंडळात यायच्या आधी शिरोली एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये कामाला होती. प्रेस म्हणजे पत्र्यावर वरून दणका घालून क्लिपा, वायसर असला माल पाडणारं मशीन. त्याला दोन बाजूंना दोन बटणं असतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय दणका पडत नाही. ज्यानं ही सोय केली तो शहाणा माणूस असणार. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात आत नाही. पण अशानं माल कमी पडतो. म्हणून त्या शॉपमध्ये एक बटण सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधून ठेवायचे. एका हातानं दुसरं बटण दाबायचं आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवायचा. एके दिवशी वर्षाराणीचा उजवा हात आत असताना दणका पडला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली.

पुढं चौकशी झाली. वर्षाराणीनं एकच विचारलं, "त्यी ट्यूब कुणी बांधलती?" तिच्या शिफ्टच्या आधीपासून ती बांधलेलीच होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर मान खाली घालून म्हणाला, "आता कुणी बांधलं ह्येला काय अर्थ हाय, ताई?" आणि कागदावर ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं आलं. भरपाई मिळाली. उत्तर मात्र मिळालं नाही, आणि ते तिच्या मनात काट्यासारखं राहिलं.

मग ती घरी बसली. घर माळाच्या कडेला, आणि घरामागं जुनी दगडाची खण, बारा महिने पाणी भरलेली. आमच्याकडं अशा खणी पुष्कळ. बाकीचं जग तिथं कचरा टाकतं आणि गणपती सोडतं. वर्षाराणी तिथं जाऊन बसायला लागली, कारण घरात बसलं की बघायला बाया यायच्या आणि हाताकडं बघून डोळ्याला पदर लावायच्या. खणीवर कुणी रडत नव्हतं. हळदीकुंकू बदकं होती, टिटव्या होत्या, आणि एक कवड्या खंड्या होता. हा काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. पाण्याच्या वर हवेत एका जागी पंख मारत थांबतो, मान खाली घालून बघतो आणि मग सरळ सूर मारतो. ती त्याच्या नादी लागली. का लागली ते तिनं मला एकदा सांगितलं.

"मामा, ते पडतंय ते सवताच्या मनानं पडतंय," ती म्हणाली. "कोन ढकलत न्हाय त्येला."

मोबाईलमध्ये खंड्याचा फोटो काढला तर काचेवर बसलेल्या माशीएवढा दिसायचा. तेव्हा तिनं भरपाईतून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. नवरा संगमेश उद्यमनगरात लेथवर काम करतो. तो बोलायला गरीब, त्यानं हो म्हटलं. सासू शांतव्वा ह्या शिरोळकडच्या, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणाऱ्या. त्यांनी म्हैस घ्या म्हटलं. म्हैस दूध देते, शेण देते, कॅमेरा काय देतो? वर्षाराणी म्हणाली, "अत्ती, म्हशीची धार काढायला पाच बोटं लागत्यात."

कॅमेऱ्याच्या दुकानात निराळीच अडचण निघाली. जगातले सगळे कॅमेरे उजव्या हातासाठी केलेले. पकडायची मूठ उजवीकडं, फोटोचं बटण उजवीकडं, चाकं उजवीकडं. दुकानदार भला माणूस होता. "वहिनी, डावखुऱ्यांचा येत न्हाय," तो म्हणाला, "मोबाईलच बरा तुमास्नी." वर्षाराणीनं कॅमेरा त्याच्या हातातून घेतला आणि उलटा केला, तळ वर आणि डोकं खाली. मूठ डावीकडं आली. बटण डाव्या अंगठ्याखाली आलं.

"असा धरतो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका करतो, जातो असंच बोलतात, पुण्याच्या माणसानं दचकू नये.

"आवं, पर फोटू उलटा यील," दुकानदार म्हणाला.

"मग तुमी उलटं हुन बघा."

घरी आल्यावर शांतव्वांनी कॅमेऱ्याची पूजा केली. म्हैस नाही तर नाही, पण घरात आलेली वस्तू बिनपूजेची कशी ठेवायची? वर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले. मग कुंकू लावायला कपाळ शोधलं, आणि डोळा लावायच्या भिंगाशेजारी काळी इवलीशी काच होती तिथं ठसठशीत कुंकू लावलं. त्या क्षणी कॅमेऱ्याचा मागचा पडदा बंद झाला. बटणं दाबली, बॅटरी काढून घातली, काही उपयोग नाही. भिंगाला डोळा लावला की आत सगळं दिसायचं, पडदा मात्र काळा ठार. संगमेश म्हणाला, परत नेऊया. वर्षाराणी म्हणाली, ज्यानं मोबाईल वापरा म्हणून सांगितलं त्याच्या दारात मी परत जाणार नाही.

ती काळी काच म्हणजे डोळा आला की नाही हे ओळखणारी काच होती. तिच्यावर कुंकू बसल्यामुळं कॅमेऱ्याला वाटत होतं की सारखा कुणीतरी डोळा लावून बसलंय, म्हणून तो पडदा लावतच नव्हता. हे पुढं मंडळातल्या एकानं ओळखलं आणि रुमाल काढला. तेव्हा शांतव्वा घरातून ओरडत आल्या, "ब्याड, ब्याड, नको. कुंकू पुसतोय व्हय रं, नवरा हाय तिचा." बाईमाणसाच्या वस्तूवरचं कुंकू कुणी पुसायचं नसतं. ते आपणहून झडलं तर झडलं. रुमालवाला रुमाल खिशात घालून परत गेला.

कुंकू झडेपर्यंत वर्षाराणी पडद्याशिवाय शिकली, आणि त्यानं तिचं भलंच झालं. उलटा कॅमेरा कपाळाला टेकवायचा, डोळा भिंगाला लावायचा. आत पाखरू सुलटं दिसायचं आणि कडेचे आकडे तेवढे उलटे. ते उलटे आकडे वाचायची तिला सवय झाली. फोटो मात्र दुकानदार म्हणाला तसे उलटेच यायचे. मंडळात आल्यावर ग्रुपवर ती ते तसेच पाठवायची. बदकं आभाळात पाय वर करून पोहतायत, टिटवी वटवाघळासारखी जमिनीला लोंबकळतेय. लोक हसायचे. फिरवून पाठव की, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मी रोज उलटं बघतो. त्यास्नी मोबाईल फिरवाय काय हुतंय?"

लेन्स जड होती. उजव्या हातात अंगठा आणि करंगळी, त्यांच्यात ती ठरेना. संगमेशनं लेथवर ॲल्युमिनियमची पट्टी वळवून तिच्या मनगटाला बसेल अशी घोडी केली, आतून जुन्या स्वेटरची लोकर लावली. घोडीत लेन्स टेकली की उजव्या हाताचं काम संपलं. राहिला डावा अंगठा. त्याला मात्र बटण सापडायला वेळ लागायचा. जन्मभर उजव्या हातानं काम केलेल्या बाईचा तो अंगठा, मेंदूनं सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचेतो खंड्या पाण्यात गेलेला असायचा. अशी आभाळाची आणि पाण्याची कितीतरी चित्रं तिच्याकडं जमली. आत पाखरू म्हणून नाही.

आता अमरसिंहांबद्दल सांगतो. ते मंडळाचे अध्यक्ष, ट्रॅक्टरचं शोरूम असलेला दिलदार माणूस. ह्यांची मोठी खोड म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं. तुम्ही पिशवी उचलायला वाकलात की पिशवी त्यांच्या खांद्यावर. तुम्ही चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातलात की त्यांनी दिलेले. बुटाची नाडी सुटलेली दिसली तर खाली बसून बांधतील. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

एका रविवारी मंडळ तिच्या खणीवर आलं. खंड्या नेमका समोर हवेत थांबला होता, ऊन त्याच्या पोटावर. वर्षाराणीनं कॅमेरा उलटा करून घोडीत टेकवला, डोळा लावला. मी शेजारीच होतो. तिचा अंगठा बटणाकडं चालला होता.

"वहिनी, हलतंय, हलतंय," असं म्हणत अमरसिंहांनी खालून बोट घातलं आणि बटण दाबून धरलं. कॅमेरा खटखटखट वाजला. खंड्यानं सूर मारला. "आला," अमरसिंह म्हणाले, "घावला बघा." आणि तिच्या पाठीवर शाबासकी द्यायला उचललेला हात, बाईमाणूस म्हणून आवरून, त्यांनी माझ्या पाठीवर मारला.

फोटो खरोखर फार चांगला आला होता. पंख पूर्ण उघडलेले, चोच खाली, डोळ्यात उजेडाचा ठिपका. अमरसिंहांनी तो तिच्या कार्डावरून घेतला, फिरवून सुलटा केला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या वर्षावहिनींची कमाल.' दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आलं तेव्हा पहिला फोटो हाच निवडला गेला. पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं. 'एका हाताची भरारी. छायाचित्र: सौ. वर्षाराणी मगदूम.' फ्रेमचं काम माझ्याकडं आलं आणि मी काळ्या पट्टीत ती करून दिली. गुलाबाची फुलं त्याच आठवड्यात फिरायला लागली.

वर्षाराणीच्या घरचे खूश होते. संगमेशच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले गेले. ज्या बाया हाताकडं बघून रडायच्या त्या आता मोबाईल पुढं करून हसायच्या. शांतव्वांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की म्हैस घ्यायची नाही हे त्यांचंच म्हणणं होतं. पण प्रदर्शनाच्या तयारीसाठी मंडळाची बैठक होती, तिथं वर्षाराणी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्यो फोटू माझा न्हवं."

सगळे हसले. त्यांना वाटलं लाजतेय.

"बटण मी दाबलेलं न्हवं. दादांनी दाबलं. दादांचं नाव लावा."

अमरसिंह हात जोडून म्हणाले, "वहिनी, कॅमेरा तुमचा, खण तुमची, पाखरू तुमी दावलंसा. बटण कुणी दाबलं ह्येला काय अर्थ हाय?"

मी तिथं होतो. तिचा चेहरा मी पाहिला. कुठल्या माणसानं कुठल्या चौकशीत हेच शब्द तिला ऐकवले होते ते अमरसिंहांना काय माहीत. त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. ती उठून उभी राहिली.

"हाय अर्थ," ती म्हणाली. "बटणालाच अर्थ हाय. बटण बांधलं कुणी म्हणून इचारलं तवा बी मला हेच सांगितलासा तुमी लोकांनी. आता दाबलं कुणी तर हेच. मग माझं काय हाय त्यात? निस्तं नाव?"

एकानं चहा मागवला. अमरसिंह समजुतीनं म्हणाले की पत्रिका छापल्यात, पुण्याहून पाहुणे येणार आहेत, आता हा फोटो काढला तर भिंतीवर पहिलीच जागा रिकामी दिसेल.

"रिकामी ऱ्हाऊ दे. न्हायतर मी माझा फोटू आणतो. माझ्या नावाखाली मी दाबलेलंच पायजे," असं म्हणून ती निघून गेली. चहा तिच्या वाट्याचा तसाच राहिला आणि अमरसिंहांनी सवयीनं तोही पिऊन टाकला.

मला विचाराल तर त्या दिवशी मला तिचा राग आला होता. फ्रेम करून झाली होती, काच बसवली होती. जगानं फुकट चांगलं म्हटलं तर म्हणू द्यावं, असं मला वाटलं. माझा धंदाच तसा आहे. बाप गेला की पोरं त्याचा बनियनमधला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, मामा, ह्याला कोट घाला. मी घालतो. आख्ख्या कोल्हापुरात भिंतीवर जेवढे म्हातारे कोटात बसलेत, त्यांतल्या निम्म्यांनी जन्मात कोट अंगाला लावला नव्हता. त्यांपैकी एकाचीही तक्रार आलेली नाही.

प्रदर्शनापर्यंत ती रोज उजाडताना खणीवर जात राहिली. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं. खंड्या यायचा, थांबायचा, सूर मारायचा. तिचा अंगठा कधी आधी पोचायचा, कधी नंतर. कधी नुसती शेपटी मिळायची, कधी पंखाचं टोक. कधी लेन्स पाखरू सोडून पलीकडच्या बाभळीवरच नजर बसवायची. ती घरी येऊन ते बघायची, पुसायची आणि पुन्हा जायची.

संगमेशला तिचे हाल बघवेनात. एका सकाळी तो तिच्यामागून खणीवर गेला आणि म्हणाला की अगं, हे बटण दाबून धरलं की कॅमेरा धडाधड फोटो काढत सुटतो. मग ते दाबून बांधूनच ठेवलं तर? अंगठ्याचं कामच नको. तू निस्ती पाखरावर नजर ठेव, एवढ्यांतला एक तरी लागेल. आणि त्यानं खिशातून बांधायला आणलेला तुकडा काढला. तो सायकलच्या ट्यूबचा होता. वर्कशॉपमध्ये पडलेला, हाताशी सापडला म्हणून आणलेला.

हे मला संगमेशनंच दुकानात बसून सांगितलं, मान वर न करता. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती त्या ट्यूबकडं बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात, घोडीसकट, त्याच्यापुढं धरला. ती म्हणाली, "आवं, बटण बांधायचं न्हाय. कसलंच न्हाय. फोटू नाय आला तर नाय आला." त्यानं ट्यूब परत खिशात घातली आणि घरी येऊन शांतव्वांच्या चुलीत टाकली. घरभर वास सुटला म्हणून शांतव्वांनी त्याला दिवसभर बोलून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोवर ती दारात उभी. एका हातात मंडळाच्या हॉलमधून उचलून आणलेली काळी फ्रेम, काखेत पाकीट.

"मामा, ह्यातनं त्यो काढा आणि ह्यो घाला."

मी पाकिटातला फोटो काढला. पाणी होतं, दुसरं काही नाही. मधोमध पाणी फाटल्यासारखं वर उसळलेलं, थेंब हवेत, भोवती वर्तुळं निघालेली, कोपऱ्यात खणीचा दगड. मी तो फिरवून फिरवून पाहिला.

"वरची बाजू कुठली?"

तिनं पाठीमागं पेन्सिलनं बाण काढून आणला होता, तो दाखवला.

"आणि पाखरू कुठं हाय?"

"आत."

"आत म्हंजे?"

"पाण्यात की. त्येनं सूर मारला आणि तवाच बटण दाबलं मी."

"अगं, मग उशीर झाला तुला."

"व्हय, झाला," ती म्हणाली. "पर त्यो माझा उशीर हाय."

मी तिला पुष्कळ समजावलं. पहिल्या जागेवर लागणारा फोटो, लोक हसतील, अमरसिंहांना वाईट वाटेल, पुण्याचे पाहुणे काय म्हणतील. ती ऐकत उभी राहिली, टेबलावरून फ्रेम मात्र हटवू देईना. बोलता बोलता माझी नजर भिंतीवर गेली. तिथं गिऱ्हाइकानं न नेलेले दोन कोटवाले म्हातारे होते. मेलेला माणूस काही म्हणत नाही म्हणून मी आजवर कोट चढवत आलो. ही तर जिवंत होती, आणि माझ्या पुढ्यात उभी राहून कोट उतरवा म्हणत होती. मला माझाच राग आला आणि मी पक्कड उचलली. मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला, काच पुसली.

"ह्या दुसऱ्याचं काय करायचं?" मी सुलट्या, देखण्या फोटोकडं बोट केलं.

"त्येला बी फ्रेम घाला. चांगली घाला. दादांनी मेहनतीनं काढलाय. खाली दादांचं नाव."

पाट्या मी लिहिल्या. माझं अक्षर चांगलं आहे. एकीवर 'कवड्या खंड्या. छायाचित्र: अमरसिंह'. दुसरीवर काय लिहू विचारलं, भरारी वगैरे ठेवायचं का. ती म्हणाली, "पाखराचं नाव आणि माझं नाव. हाताचं काय बी न्हाय." तसं लिहिलं. घाईत नव्या फ्रेमची पट्टी काळी मिळाली नाही, सोनेरी घातली. त्यामुळं अमरसिंहांचा फोटो जरा लग्नातला दिसत होता, पण त्याला इलाज नव्हता.

दसरा चौकाजवळच्या त्या हॉलात दोन्ही फ्रेमा शेजारी शेजारी मी स्वतः टांगल्या. अमरसिंह हार घेऊन आत आले, पहिल्या जागेकडं पाहिलं आणि थबकले. मग स्वतःचं नाव वाचलं.

"गुंडूमामा, हे काय केलासा?"

"मी न्हाय, तिनं," मी म्हणालो. "मी फक्त खिळं मारलं."

त्यांनी वर्षाराणीला शोधलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, नव्या साडीत, शांतव्वा आणि संगमेश शेजारी. "वहिनी, ह्यात पाखरूच न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पावणं इचारतील. काय सांगू मी त्यास्नी?"

"तुमी काय सांगू नका," ती म्हणाली. "मी हाय की."

पाहुणे आले. पक्ष्यांवर व्याख्यानं देणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांच्यामागं सगळं मंडळ, मोबाईल वर धरून. त्यांनी आधी सोनेरी फ्रेम पाहिली आणि तोंडभर कौतुक केलं. अमरसिंहांना ते धड घेताही येईना, ते कानामागं खाजवत राहिले. मग पाहुणे काळ्या फ्रेमपुढं आले. चष्मा वर केला, खाली केला, पाटी वाचली, पुन्हा फोटोकडं पाहिलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"ह्यात पक्षी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

अमरसिंह पुढं सरसावले. "सर, ह्या आमच्या वहिनी. त्यांच्या हाताला जरा..."

वर्षाराणीनं उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी दिसेल असा, सरळ अमरसिंहांच्या तोंडापुढं. ते बोलता बोलता थांबले. हॉलमध्ये सगळ्यांनी तो हात पाहिला, आणि रडायला कुणाला सवड मिळाली नाही, कारण ती पाहुण्यांशी बोलायलाही लागली होती.

"पाण्यात गेलाय," ती म्हणाली. "मासा घिऊन वर यील. थांबा की जरा."

पाहुणे फोटोकडं बघत थांबले. अमरसिंहही थांबले, दोन्ही हात खिशात घालून.